थैली कुणाची, तोंड कुणाचं

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कविता वाचायला बोलावलंय असा काही जणांचा समज झालेला दिसतो. आज कविता नाही. आज मी पैशावर बोलणार आहे. कवीनं पैशावर बोलू नये असं पांढरपेशे कवी मानतात, कारण त्यांचा पैसा एक तारखेला गुपचूप बँकेत येऊन पडतो. माझा तसा पडत नाही. मी गोदीत कंत्राटी हमाल. जहाज लागलं तर हजेरी, नाहीतर घरी. पैसा कुणाच्या हातातनं येतो आणि येताना सोबत काय काय घेऊन येतो, हे मला मॅट्रिकच्या पुस्तकानं शिकवलेलं नाही, मुकादमानं शिकवलंय.

आज संध्याकाळी आपल्याला एक गोष्ट ठरवायचीय. वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी एका कंपनीचा पैसा मिळण्यासारखा आहे. पाच लाख. अर्ज भरून आणून देणारे एक गृहस्थ आहेत, चांगले आहेत, त्यांचा हेतू वाईट नाही. त्यांनी दोनच सूचना केल्या. एक, अर्जात ‘जात’ हा शब्द नको, ‘वंचित घटक’ लिहा. दोन, पोरांचे फोटो द्या, पण जरा गरीब दिसतील असे द्या. आपल्यातले काही म्हणाले, लिहू की, शब्दच तर आहे. काही म्हणाले, थू त्या पैशावर. दोन्ही बाजूंनी आवाज चढला. म्हणून म्हटलं, आवाज चढवायच्या आधी जरा हिशेब मांडू.

माझं म्हणणं एवढंच आहे: मागणाऱ्याची भाषा देणारा ठरवतो. देणारा शेठ आहे की मजूर, बाई आहे की बाप्या, म्हातारा आहे की तरणा, सवर्ण आहे की आपल्यातला, गावातला आहे की सातासमुद्रापारचा, यावर ठरतं मागणारा कुठल्या दारात उभा राहणार, कुठला फोटो दाखवणार, कुठला शब्द गिळणार. हे काही आजचं नाही आणि फक्त वाईट माणसंच असं करतात असंही नाही. मोठमोठ्यांनी केलंय. म्हणून आधी मोठ्यांकडेच जाऊ.

१९२१ साल घ्या. काँग्रेसनं टिळक स्वराज्य फंड काढला. बेझवाड्याला ठरलं, ३० जूनपर्यंत एक कोट रुपये जमवायचे आणि एक कोट सभासद करायचे. सभासदाची वर्गणी वर्षाला चार आणे. आता बघा, एकाच संघटनेची दोन तोंडं. चार आणे मागायला जाणारा कार्यकर्ता खेड्यात, चाळीत जाणार, त्याला माणसाशी बोलावं लागणार. पण चार चार आण्यांनी कोट कधी भरायचा? म्हणून कोट भरायला मुंबईकडे बघावं लागलं, कापसाच्या आणि व्यापाराच्या पेढ्यांकडे. फंड मुदतीत भरला, कोटाच्या वर गेला, आणि त्यात मुंबईचा वाटा सगळ्यांत मोठा होता. ज्यांनी चार आणे दिले ते सभासद झाले. ज्यांनी हजारांनी दिले त्यांना सभासद होऊन हात वर करायची गरज पडत नाही. त्यांचं म्हणणं न मागता ऐकलं जातं. सभासद आणि देणगीदार यांतला हा फरक डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता १९३२. पुणे करार झाला आणि त्याच सप्टेंबरच्या अखेरीला मुंबईत सभा होऊन अस्पृश्यता निवारणाची अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबापा. सुरुवातीला बाबासाहेबांचं नावही कार्यकारी मंडळात होतं. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेला चालले होते. बोटीवरनं, १४ नोव्हेंबर १९३२ ला, त्यांनी ठक्करबापांना लांबलचक पत्र लिहिलं. पैसा कशावर खर्च करावा, याचंच ते पत्र आहे. त्यांनी सांगितलं, एक रस्ता असा की माणूस दुबळा आहे तो त्याच्या अवगुणामुळं, असं धरायचं. मग त्याला सुधारायला शाळा काढा, वाचनालय काढा, दारूबंदी करा. दुसरा रस्ता असा की त्याच्याभोवतीची परिस्थितीच त्याला दाबून टाकते, असं धरायचं. मग ती परिस्थिती मोडायला जा. विहिरीवर जा, शाळेत जा, चावडीवर जा, हक्क बजावा. गावात भांडण होईल, डोकी फुटतील, तरी जा. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की संघानं आपली ताकद ह्या दुसऱ्या रस्त्यावर लावावी.

संघ दुसऱ्या रस्त्याला लागला नाही. का नाही लागला? ठक्करबापांचं मन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्या माणसानं आयुष्यभर कष्ट काढले. पण जरा देणगीदारांची यादी डोळ्यासमोर आणा. ज्या गावच्या विहिरीवर आपला माणूस चढवायचा, त्या गावची विहीर कुणाची? ज्याच्या भाईबंदांची, त्याच्याच दारात थैली घेऊन जायचं असेल तर पहिला रस्ताच सोयीचा. वेगळी विहीर खणून द्या: पाणीही मिळालं, विटाळही शाबूत, देणगीदारही खूश. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांना कुणाची ना नाही. त्या शिष्यवृत्तीवर आपली पोरं शिकली, तेही खरं, ते नाकारू नका. पण लढ्यासाठी त्या थैलीत कप्पाच नव्हता.

आणि कारभार कुणाकडं? अस्पृश्यांना संघाच्या कारभारात घ्या अशी मागणी झाली तेव्हा गांधींचा युक्तिवाद असा होता, की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे. कर्जदार ते आहेत, म्हणून फेडायची व्यवस्थाही त्यांनीच बघायची. ऐकायला नम्र वाटतं. पण गोदीतल्या माणसाला विचारा. ज्याची बाकी राहिलीय त्याला बाजूला बसवून, कर्ज कसं फेडायचं हे कर्जदारच ठरवायला लागला, तर ती फेड असते काय?

पण गांधींची मागायची कला बघण्यासारखी आहे, ती शिकून घ्या. ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्याहून दौरा निघाला. नऊ महिने चालला, १२,५०० मैल झाले, सुमारे ८ लाख रुपये जमले. ते कसे जमले? नगरपालिका आणि व्यापारी असतील तिथं मानपत्र आणि थैली. मानपत्राची चांदीची पेटी मिळाली की तिचा तिथंच लिलाव. शाळा-कॉलेजातली पोरं सही मागायला आली की सहीचे ५ रुपये. आणि बायका? त्या काळच्या बाईच्या हातात रोकड नसायची. नवऱ्याला विचारल्याशिवाय तिला रुपया देता येत नव्हता. पण अंगावरचा दागिना तिचा स्वतःचा होता. म्हणून बायकांच्या सभेत गांधी बांगडी मागत, साखळी मागत. १९३४ च्या जानेवारीत मलबारात वडकऱ्याला कौमुदी नावाच्या तरुण मुलीनं अंगावरचे दागिने उतरवून दिले, ते देशभर गाजलं. कुणाकडं काय आहे आणि त्यातलं कशावर त्याची स्वतःची मालकी आहे, हे त्या माणसानं अचूक ओळखलं होतं. आज मोठ्या संस्था देणगीदारांची वयं, पगार, बाई-बाप्या अशी खानेसुमारी करून मागायच्या तऱ्हा ठरवतात. ते गांधींनी कुठल्या कॉम्प्युटरशिवाय केलं होतं.

फक्त एक प्रश्न राहतो. त्या ८ लाखांत ज्याच्यासाठी मागितले त्याचा आवाज किती आण्यांचा होता?

आता आपल्या बापाकडे येऊ. काही जणांना वाटतं बाबासाहेबांनी दुसऱ्याचा पैसा शिवलाच नाही. खोटं आहे. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. त्याआधी अमेरिकेचं शिक्षण सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, उपाध्यक्षांत परांजपे, नरिमन, खेर अशी बडी नावं. ही नावं कशाला? मुंबईचा शिकलेला, उदारमतवादी, पैसेवाला माणूस त्या नावांकडे बघून खिशात हात घालणार होता म्हणून. बाबासाहेबांना देणाऱ्यांची जात-पात, वय-वर्ग आपल्यापेक्षा जास्त कळत होता.

पण पुढचं बघा. त्याच सभेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. चिटणीस सीताराम शिवतरकर. खजिनदार नि. त्र्यं. जाधव. पाटीवर सेटलवाड आणि पेटीची किल्ली आपल्याकडं. पैसा कुणाचाही आला तरी तो खर्च कशावर व्हायचा, हे ज्याला चटके बसलेत तो ठरवणार. १९२५ च्या जानेवारीत सभेनं सोलापूरला वसतिगृह काढलं. आणि दोन वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, ह्याच सभेच्या झेंड्याखाली महाडला परिषद भरली. तिथं थैली नव्हती. म्हातारेकोतारे, पोरंसोरं भाकरी बांधून कोसन् कोस चालत आली होती. चवदार तळ्याच्या पाण्याला जाताना खर्च काय आला? भाकरी आणि पायपीट. म्हणून ते पाणी पिण्याआधी कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि ह्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझं बोलणं नुसतं गोड व्हायचं. आपल्या माणसाच्या पैशावर चालणं सोपं नसतं. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ला निघाला आणि १९२९ ला बंद पडला. बाबासाहेब स्वतः रकानेच्या रकाने लिहीत होते. पण ज्याच्यासाठी लिहायचं त्याला वाचता येत नव्हतं, आणि ज्याला वाचता येत होतं तो वर्गणी देणार नव्हता. गरिबाच्या वर्गणीवर चालणारी गोष्ट गरिबासारखीच जगते. पावसाळ्यात गळते, संपात उपाशी राहते. हे डोळे उघडे ठेवून मान्य करा आणि मग पुढं बोला.

म्हणूनच १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा ह्या कामाला द्या. विसावा हिस्सा. ठोक रक्कम सांगितली नाही. शंभर मिळवतो त्यानं पाच द्यावे, हजार मिळवतो त्यानं पन्नास. यात हमालाचा आणि साहेबाचा मान सारखाच राहतो. मागायची ह्याहून चांगली तऱ्हा मला तरी ठाऊक नाही.

पुढं ह्याच रस्त्यानं कांशीराम गेले. ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ उभी केली ती सरकारी नोकरदारांवर. आरक्षणातनं पहिली पिढी कचेऱ्यांत बसली होती. तिच्याकडं ठरलेला पगार होता, पण मोर्चात उतरली तर नोकरी जाणार. अशा माणसाकडं काय मागायचं? त्याचा वेळ, बुद्धी आणि पगारातला हिस्सा. समाजाचं देणं समाजाला परत कर, ही भाषा त्या नोकरदाराच्याच मापाची होती. आणि अलाहाबादच्या १९८८ च्या पोटनिवडणुकीत, जिथं पगार नव्हता, रोजंदारी होती, तिथं मागणी बदलली: एक मत द्या आणि एक नोट द्या. ज्यानं नोट दिली तो मत विकणार नाही, कारण त्यानं स्वतःच पैसे घातलेत. नोटेनं पेटी किती भरली हा हिशेब वेगळा. माणूस बांधला गेला हे खरं.

आता आजच्या बाजारात या.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर तुम्ही रोज बघता. एकसारखे टी-शर्ट, हातात टॅब, पोरं-पोरी लोकांना अडवतायत, दोन मिनिटं द्या सर म्हणतायत. ती कुणाला अडवतात ते बघत चला. पायात बूट, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, वय पंचविसाच्या पुढं, अशाला. मी रोज तिथनं जातो, गोदीचा वास अंगावर घेऊन, मला कुणी अडवत नाही. माझ्याशी वैर नाही त्यांचं. त्यांना दरमहा बँकेतनं आपोआप कापून घ्यायची सही हवी असते, आणि माझ्या खात्यात महिन्याच्या विसाव्या दिवशी काय असतं ते माझा मळका शर्टच सांगतो. गंमत अशी की टॅब घेऊन उभा असलेला पोरगा बहुतेक वेळा आपल्यासारख्याच वस्तीतला असतो, सह्यांच्या आकड्यावर पगार घेणारा. गरिबानं मागायचं, मध्यमवर्गानं द्यायचं, आणि गरिबाचा फोटो दोघांच्या मध्ये.

तो फोटो कसा असतो? देणारा जितका दूरचा तितका फोटो रडका. १९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळात युरोप-अमेरिकेच्या घराघरांतल्या टीव्हीवर हाडं निघालेली पोरं दिसली, १९८५ च्या जुलैत ‘लाइव्ह एड’चा मोठा गाण्याचा कार्यक्रम झाला, पैसा धो धो आला. आला ते बरं झालं, जीव वाचले. पण त्या चित्रांतनं इथिओपियाचा माणूस नुसता हात पसरलेला म्हणून जगभर छापला गेला. तिथलं युद्ध, तिथलं राज्य, धान्य न पोचण्याची कारणं चित्राबाहेर राहिली. तेव्हा युरोपातल्या संस्थांनाच लाज वाटली आणि १९८९ साली त्यांनी अशा चित्रांबद्दल आचारसंहिता केली. म्हणजे ‘जरा गरीब दिसतील असे फोटो द्या’ ही सूचना आपल्याला कुणी पहिल्यांदा केलेली नाही. तिचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे.

सरकारसुद्धा ह्यात तटस्थ नाही. आयकर कायद्याखाली देणगी दिली की जुन्या कर-पद्धतीत राहिलेल्याला करात सवलत मिळते. म्हणून संस्था जाहिरातीत करसवलत मोठ्या अक्षरात छापतात आणि मार्च महिन्यात जास्त मागतात. ज्याला आयकरच नाही त्या हमालाला त्या पावतीचा उपयोग काय? त्यानं पन्नास दिले तर पन्नासच गेले. साहेबानं पन्नास हजार दिले तर त्यातला काही भाग सरकार सोसतं. आता सांगा, दानशूर कोण?

मग कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. पाचशे कोटींची मत्ता, किंवा हजार कोटींची उलाढाल, किंवा पाच कोटींचा नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. हाच सीएसआर. कायद्याच्या यादीत सामाजिक विषमता कमी करणं हेही काम आहे बरं का. पण पैसा सर्वांत जास्त जातो शिक्षण आणि आरोग्याकडं, आणि राज्यांत महाराष्ट्रासारख्या कारखानदार राज्यांकडं. कारण जिथं कंपनी, तिथं तिचा पैसा. शाळेची इमारत दिसते, तिच्यावर पाटी लावता येते. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदाराला पाच वर्षं टिकवून धरायचं, त्यावर पाटी कुठं लावणार? अशा कामाला सीएसआरचा पैसा मिळालेला मी अजून पाहिला नाही.

परदेशातल्या पैशावर १९७६ पासून, आणीबाणीतल्या कायद्यापासून, सरकारचा डोळा आहे. २०१० ला नवा कायदा आला आणि २०२० च्या दुरुस्तीनं तो आणखी आवळला: एका संस्थेला आलेला परदेशी पैसा तिनं दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, कारभारावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्चायचा नाही, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. दिल्ली-मुंबईतली मोठी संस्था पैसा आणून तालुक्यातल्या लहान गटाला द्यायची, तो पाट बंद झाला. ज्या गटांनी आपल्या माणसाकडं कधी मागितलंच नव्हतं त्यांनी मागायला पावतीपुस्तक काढलं, तर ते कसं भरायचं हेच कुणाला आठवेना.

आणि ह्या देशातला साधा माणूस देत नाही असं समजू नका. अशोका विद्यापीठाच्या केंद्रानं २०२०-२१ सालचा अंदाज काढला तेव्हा घराघरांतनं वर्षाला सुमारे २३,७०० कोटी रुपये दान जातं असं दिसलं. त्यातले जवळपास सत्तर टक्के धर्माच्या संस्थांना. बिगरधार्मिक संस्थांच्या वाट्याला फारच थोडं. लोक देतात, भरभरून देतात. पण जो रोज दारात येतो आणि ओळखीचा आहे त्याला देतात. देऊळ रोज दारात आहे. आपण वर्षातनं एकदा एप्रिलमध्ये उगवतो.

बाहेरच्यांना बरंच बोललो, आता घरात. जयंतीची वर्गणी आठवा. आपल्या बापजाद्यांच्या वेळी दर घरामागं वर्गणी होती, बायकांनी डब्यात टाकलेली नाणी होती, त्यावर कव्वाली, जलसे, भाषणं व्हायची. आता? बिल्डर एक लाख देतो, नगरसेवक डीजे देतो, आमदार कमान देतो. म्हणून दारोदार फिरायची गरज उरली नाही. आणि बॅनर बघा: बाबासाहेब वर कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे, खाली नगरसेवक हात जोडून, माणसाएवढा. मंडळातल्या पोरांना दोष देऊन काय उपयोग? ज्यानं दिलं त्याचा फोटो मोठा झाला. पुढच्या वर्षी तोच बिल्डर वस्ती हटवायचा कागद घेऊन आला तर त्याच्याविरुद्ध बोलायला कमानीखाली उभं राहायचं का?

तेव्हा अभ्यासिकेचं माझं म्हणणं सांगतो.

आपल्या वस्तीत साडेतीनशे घरं. त्यातली दोनशेचाळीस घरं धरा. महिन्याला घरटी पन्नास रुपये, म्हणजे बारा हजार. खोलीचं भाडं आठ हजार, लाइटबिल दीड हजार, पेपर आणि पुस्तकं दीड हजार. अकरा हजारांत भागतं, हजार शिल्लक. पाच लाखांशिवाय अभ्यासिका चालते. एसी लागणार नाही. पंखा लागेल.

पण मागायचं कसं ते नीट ठरवू, गांधींकडनं आणि कांशीरामांकडनं शिकू. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना पगार पहिल्या आठवड्यात मिळतो, त्यांच्याकडं तेव्हा जायचं. पालिकेचे सफाई कामगार, त्यांचा महिना ठरलेला. आम्हा कंत्राटी लोकांचं दहा तारखेनंतर. नाक्यावर उभा राहणाऱ्याकडं पन्नास एकदम मागू नका, दर रविवारी दहा-बारा घ्या. ज्या रविवारी काम नव्हतं त्या रविवारी नुसता चहा पिऊन या. संध्याकाळी पोरं वर्गणीला जातात आणि दारात बाई म्हणते, मालक घरी न्हाईत. अरे, घर ती चालवते. दुपारी बायकांनीच जावं, बायकांकडंच मागावं, आणि खजिनदारही बाईच करावी. तरण्या पोरांकडं रोकड नसते पण मोबाईल असतो, त्यांच्यासाठी कोड चिकटवा. म्हाताऱ्यांना हातात कागदाची पावती द्या. ते ती बाबासाहेबांच्या फोटोमागं जपून ठेवतात.

आणि आपल्यातले जे साहेब झाले, कल्याणला, नव्या मुंबईत फ्लॅटमध्ये गेले, त्यांच्याकडंही जायचं. त्यांच्यातले काही म्हणतील, पैसे घ्या पण नाव छापू नका, सोसायटीत कळेल. त्यांना हिणवू नका. सोसायटीत जात लपवून जगणं हा काही शौक नाही, तीही एक मारच आहे. बिनानावाची पावती फाडा. फक्त त्यांना सांगा, साहेब, महिन्यातनं एक रविवार येऊन पोरांना गणित शिकवा. पैशापेक्षा ते अवघड आहे त्यांना, म्हणूनच मागा.

ज्याच्याकडं पैसा नाही त्यानं काम द्यावं. वायरमननं वायरिंग, सुतारानं बाकडी. त्याचीही पावती फाडायची, रुपयात किंमत लिहून. दर महिन्याला हिशेब मोठ्यानं वाचायचा, चौकात, ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू जाईल असा. आणि कुणा एकाचा पैसा, मग तो कितीही चांगला माणूस असो, एकूण जमेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचा नाही. म्हणजे उद्या तो रुसला तर अभ्यासिका बंद पडणार नाही.

हे अवघड आहे. पाच लाखांचा अर्ज एका रात्रीत भरून होतो. दोनशेचाळीस दारं दर महिन्याला वाजवावी लागतात. पावसाळ्यात गोदीत काम कमी होतं, नाके ओस पडतात, तेव्हा वर्गणी निम्म्यावर येईल. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या वस्तीत कुणाकडंच काही नव्हतं. तेव्हा अशी वर्गणी असती तरी आटलीच असती. म्हणून हजाराची शिल्लक मोडायची नाही, ती अशाच दिवसांसाठी.

कंपनीचा पैसा कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. तो पैसा आकाशातनं पडलेला नाही, आमच्या गोदीत उतरलेल्या मालावरच त्यांचा नफा आहे. आपल्याच घामाचे दोन टक्के परत येत असतील तर येऊ देत. पण आधी आपली दोनशेचाळीस घरं उभी करू, मग अर्ज भरू. तेव्हा अर्जात ‘जात’ हा शब्द लिहू आणि पोरांचे फोटो देऊ ते अभ्यास करतानाचे, केस विंचरलेले. ते नको म्हणाले तर कागद परत घेऊन येऊ, आणि त्या दिवशी अभ्यासिकेचा दिवा चालूच असेल. जो नको म्हणू शकतो त्यानंच मागावं. ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्या मागण्याला भीक म्हणतात, आणि भिकेची भाषा कोण ठरवतं हे मघापासून सांगतोय.

संध्याकाळच्या बैठकीत माझा ठराव असा: अर्ज सहा महिने बाजूला. पावतीपुस्तकं येत्या रविवारी छापून घ्यायची, वरच्या ओळीत आपल्या वस्तीचं नाव. पहिली पावती माझ्या आईच्या नावानं फाडा, पन्नास रुपये मी आत्ताच टेबलावर ठेवतो. दुसरी कुणाची?

जयभीम.